टक्का कशावरचा?

आषाढ लागला की लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांच्या काचांवर आकडे चढू लागतात. अलका टॉकीजच्या चौकातून निघावे, विजय टॉकीज मागे टाकून कुंटे चौकात यावे, तिथून बेलबाग ओलांडून सोन्या मारुती चौकापर्यंत जावे. साड्या, शर्टपीस, चपला, पडदे, चादरी, सगळ्यांवर लाल अक्षरांत टक्के झळकत असतात. यामागे व्यापाराचे सरळ कारण आहे. लग्नसराई ज्येष्ठाबरोबर ओसरते. आषाढी एकादशीला चातुर्मास बसतो आणि तुळशीचे लग्न लागेपर्यंत मुहूर्त नसतात. उरलेल्या मालात दुकानदाराचा पैसा अडकलेला असतो आणि गणपती-दिवाळीचा नवा माल तर भरायचा असतो. तेव्हा जुना माल उतरत्या भावात काढून हातात रोकड आणणे त्याच्याही सोयीचे असते. तमिळनाडूत याच सुमारास आडी महिना येतो. त्यातही लग्ने लागत नाहीत, आणि चेन्नईच्या टी. नगरमध्ये ‘आडी सेल’ला अशीच झुंबड उडते.

म्हणजे सेल लागला की त्यात काहीतरी काळेबेरे असणारच, असे मानायचे कारण नाही. पुष्कळ ठिकाणी सूट खरीच असते. पण फलकावरचा आकडा आणि खिशात प्रत्यक्ष उरणारा पैसा यांच्यात अंतर पडते. ते कुठे पडते हे कळायला फार गणित लागत नाही. दर वेळी एवढेच विचारायचे, की हा टक्का कशावरचा?

सध्या सर्वांत जास्त दिसणारा फलक म्हणजे ‘५० टक्के + २० टक्के’. साडीवर चार हजारांची चिठ्ठी आहे. मन झटकन बेरीज करते: सत्तर टक्के सूट, म्हणजे साडी बाराशेला पडली. काउंटरवर बिल होते ते सोळाशेचे. दुकानदाराने यात फसवलेले नाही. पहिले ५० टक्के चार हजारांवरचे होते, त्यामुळे किंमत दोन हजारांवर आली. पुढचे २० टक्के या दोन हजारांवरचे आहेत, मूळ चार हजारांवरचे नाहीत. दोन हजारांचे २० टक्के चारशे, म्हणून सोळाशे. एकूण सूट ६० टक्क्यांची झाली. मनातल्या आकड्यात आणि बिलात चारशे रुपयांचा फरक पडला, आणि तो ‘अधिक’च्या त्या एका चिन्हामुळे पडला.

असा फलक वाचायची तोंडी रीत सोपी आहे. दोन्ही टक्क्यांची बेरीज करायची आणि त्यांच्या गुणाकाराचा शंभरावा भाग तिच्यातून वजा करायचा. ५० आणि २० यांची बेरीज ७०, गुणाकार हजार, त्याचा शंभरावा भाग १०, उरले ६०. ‘४० + १०’ असेल तर पन्नासातून चार गेले, ४६. तीन तुकड्यांचा फलक असेल, उदाहरणार्थ ‘२० + २० + १०’, तर प्रत्येक वेळी किती शिल्लक राहते ते पाहणे बरे: शंभराचे ऐंशी, ऐंशीचे चौसष्ट, चौसष्टाचे सत्तावन्न रुपये साठ पैसे. बेरजेने पन्नास वाटणारी सूट ४२.४ टक्क्यांची निघते.

टक्क्यांचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही. आधी वीस आणि मग पन्नास कापले तरी साडी सोळाशेलाच पडते. पण एक टक्का आणि एक ठरावीक रक्कम असली की क्रमाला महत्त्व येते. चार हजारांच्या खरेदीवर २० टक्के सूट आहे आणि शिवाय पाचशेचे कूपन आहे, असे धरू. आधी कूपन वळते केले तर साडेतीन हजारांवर २० टक्के, म्हणजे बिल अठ्ठावीसशे. आधी टक्के कापले आणि मग कूपन लावले तर बिल सत्तावीसशे. काउंटरवर विचारायला संकोच वाटावा असे यात काही नाही. शंभर रुपये शंभर रुपयेच असतात.

हे हिशेब मराठी घरांना नवे नाहीत. जुन्या शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घेत असत. त्या घोकंपट्टीचा सेलमध्ये फार उपयोग होतो. पंचवीस टक्के सूट म्हणजे किमतीचा पाव भाग सुटला आणि पाऊण भाग द्यायचा. चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार, सहा पाऊण साडेचार, हे ज्यांच्या तोंडी आहे त्यांना चोवीसशेच्या ड्रेसचे अठराशे होतात हे सांगायला मोबाइल काढावा लागत नाही.

आण्यांचा हिशेबही असाच हाताशी येतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि सोळा आणे व्यवहारातून गेले. भाषेतून मात्र ते गेले नाहीत. ‘सोळा आणे खरे’ असे आजही म्हणतात. रुपयात एक आणा म्हणजे सव्वासहा टक्के. दोन आणे साडेबारा, चार आणे पंचवीस, सहा आणे साडेसदतीस, बारा आणे पंच्याहत्तर. आजीला ‘साडेसदतीस टक्के’ म्हटले तर ती घटकाभर थांबेल. ‘रुपयाला सहा आणे सुटले’ म्हटले की लगेच किंमत सांगेल.

आजच्या पिढीचे शिक्षणही इथूनच होते. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीचे कार्यालय आहे. तिच्या आठवीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सूट व कमिशन’ असे एक प्रकरण आहे. छापील किंमत, सूट आणि विक्री किंमत यांचा संबंध तिथे मुलांना शिकवला जातो. खादी भांडारे, हातमागाची दुकाने विशिष्ट काळात जी सूट देतात आणि जिची भरपाई सरकार करते, ते ‘रिबेट’ही त्यात येते. गांधी जयंतीच्या सुमारास खादीवर मिळणारे रिबेट अनेक घरांच्या चांगले ओळखीचे आहे. सूत्र एका ओळीचे आहे: सूट शेकड्यात मोजायची असेल तर ती छापील किमतीवर मोजायची. परीक्षेच्या गणितात छापील किंमत दिलेली असते. बाजारात ती कोणी छापली आणि कधी छापली, हे आपण पाहायचे असते.

तोंडी हिशेबाच्या आणखी दोन युक्त्या इथेच सांगून टाकाव्यात. पहिली दहा टक्क्यांची. ३,८५० रुपयांच्या साडीवर ३५ टक्के सूट आहे. एक शून्य कमी केले की दहा टक्के निघतात: ३८५. त्याची तिप्पट १,१५५. पाच टक्के म्हणजे ३८५ चे निम्मे, १९२ रुपये ५० पैसे. सूट झाली १,३४७ रुपये ५० पैसे, आणि द्यायचे २,५०२ रुपये ५० पैसे. दुसरी युक्ती आकड्यांची अदलाबदल करण्याची. २५ चे १६ टक्के आणि १६ चे २५ टक्के एकच असतात. म्हणून ७५० रुपयांवर ४८ टक्के सूट किती, हे डोक्यात बसत नसेल तर ४८० चे ७५ टक्के काढावेत. पाऊणकी आठवली की उत्तर ३६० येते.

उलटा हिशेबही अधूनमधून लागतो. १५ टक्के सूट जाऊन १,३६० रुपये झाले, तर मूळ किंमत किती? इथे पुष्कळ जण १,३६० चे १५ टक्के काढून ते परत मिळवतात आणि १,५६४ वर येऊन थांबतात. बरोबर उत्तर १,६०० आहे. १,३६० हे मूळ किमतीचे ८५ टक्के आहेत, तेव्हा १,३६० ला ८५ ने भागून शंभराने गुणायचे. कापलेले १५ टक्के मोठ्या रकमेचे होते, त्यामुळे छोट्या रकमेचे १५ टक्के मिळवून ती भरपाई होत नाही.

याच कारणाने आधी भाव चढवून मग सूट देणे सोपे जाते. सोळाशेची वस्तू २५ टक्क्यांनी वाढवून दोन हजारांची केली आणि तिच्यावर २० टक्के सूट लावली, की ती पुन्हा सोळाशेची होते. चढताना पंचवीस लागले, उतरताना वीस पुरले. जिथे साडीवरची चिठ्ठी दुकानातच लागते, तिथे तो आकडा किती दिवसांचा आहे हे बाहेरच्याला कळत नाही. म्हणून सूट किती यापेक्षा हाच पोत, हीच किनार शेजारच्या दोन दुकानांत कितीला मिळते, हे पाहणे अधिक भरवशाचे. लक्ष्मी रस्त्यावर ती दुकाने चार पावलांवर असतात, हा पुण्याच्या गिऱ्हाइकाचा मोठा फायदा आहे.

तुळशीबागेत तर पहिला आकडा पायाच नसतो. पेशवाईत नारो आप्पाजींनी उभारलेल्या राममंदिराभोवतीच्या या गल्ल्यांत कानातली, गजरे-पिना, भातुकली, पितळी समई अशा असंख्य वस्तू मिळतात, आणि त्यातल्या बऱ्याच जागी भाव अजून बोलण्यातून ठरतो. सहाशे म्हटलेली पर्स चारशेला मिळाली की तेहेतीस टक्के वाचल्याचे समाधान वाटते. पण ते सहाशे कशाचे होते? ती विक्रेत्याने बोलणी सुरू करायला उच्चारलेली रक्कम होती. ‘भवानीची वेळ आहे, शेवटचा भाव सांगते’ असे म्हणणारी बाई आणि ‘दोन घेते, मग किती?’ म्हणणारी गिऱ्हाईक, दोघींनाही हे पक्के ठाऊक असते. तिथे टक्क्यांचा हिशेब करू नये. ही वस्तू आपल्याला चारशेची वाटते का, एवढेच मनाला विचारावे.

पाकीटबंद मालाची गोष्ट वेगळी. त्यावर कमाल किरकोळ किंमत, म्हणजेच एमआरपी, छापावी लागते. तिच्यात सगळे कर धरलेले असतात आणि तिच्याहून एक रुपयाही जास्त घेता येत नाही. वैधमापनशास्त्राचा २००९ चा कायदा आणि त्याखालचे २०११ चे पाकीटबंद वस्तूंचे नियम हे सांगतात. पण ‘कमाल’ हा शब्द नीट वाचायला हवा. ती वरची मर्यादा आहे. वस्तूचा चालू भाव तेवढाच असतो असे नाही. एखादी वस्तू वर्षभर सगळीकडे एमआरपीपेक्षा १५ टक्के कमी भावाने विकली जात असेल, तर सेलमधली ‘एमआरपीवर २० टक्के सूट’ नेहमीच्या भावाच्या मानाने सहा टक्क्यांच्या आतच असते.

फुकटाच्या योजनांना टक्क्यांत बसवले की त्या आपोआप आपापल्या जागी येतात. एकावर एक म्हणजे ५० टक्के. दोनावर एक म्हणजे ३३ टक्क्यांच्या जरा वर. तीनावर एक २५, तीनावर दोन ४०. ‘दुसऱ्या वस्तूवर ५० टक्के’ म्हणजे दोन्ही मिळून फक्त २५. बहुतेक योजनांत जी वस्तू फुकट मिळते ती दोघींतली स्वस्त असते. दोन हजारांचा कुर्ता आणि बाराशेचा कुर्ता घेतला तर बाराशे सुटले; बत्तीसशेत बाराशे, म्हणजे रुपयाला सहा आणे. निम्मे नव्हेत. टूथपेस्टच्या खोक्यावरचे ‘२५ टक्के जास्त’ हीसुद्धा सूटच आहे, पण २० टक्क्यांची. शंभर ग्रॅमच्या किमतीत सव्वाशे ग्रॅम मिळाले, म्हणजे पाचातला एक भाग फुकट आला. अशा वेळी पाकिटावर एमआरपीजवळ छापलेली दर ग्रॅमची किंवा दर मिलिलिटरची किंमत वाचावी. अक्षर बारीक असते, पण मोठा पुडा आणि छोटा पुडा यांतला खरा स्वस्त कोणता हे तिथे हिशेबाशिवाय कळते.

टक्का कशावरचा, या प्रश्नाला सर्वांत जास्त पैसे अडकलेले असतात ते सराफाच्या दुकानात.

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, गुरुपुष्य, दसरा. या दिवसांच्या आधी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती येतात: ‘घडणावळीवर ५० टक्के सूट’. नजर ५० वर जाते. दागिन्याच्या किमतीत मुख्य भाग सोन्याचा असतो आणि त्यावर घडणावळ, म्हणजे मजुरी, लागते. हिशेबाच्या सोयीसाठी दहा ग्रॅमच्या दागिन्यात एक लाखाचे सोने आहे आणि घडणावळ १२ टक्के आहे, असे धरू. घडणावळ झाली बारा हजार, दागिना एक लाख बारा हजारांचा. निम्मी घडणावळ माफ झाली, म्हणजे सहा हजार वाचले. जीएसटी बाजूला ठेवला तर एक लाख बारा हजारांत सहा हजार, म्हणजे सूट साडेपाच टक्क्यांपेक्षाही थोडी कमी. सहा हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे आणि ती वाचली तर चांगलेच आहे. पण ती ५० टक्के नाही, आणि ५० टक्क्यांच्या उत्साहात दहाऐवजी पंधरा ग्रॅम घेणाऱ्याला हा फरक आधी कळलेला बरा.

याहून महत्त्वाचे असे, की घडणावळीचा दर प्रत्येक दुकानाचा आणि प्रत्येक नक्षीचा वेगळा असतो. एका पेढीवर घडणावळ १६ टक्के आणि तिच्यावर ४० टक्के सूट. दुसऱ्या पेढीवर घडणावळ ९ टक्के, सूट काही नाही. पहिल्या ठिकाणी सूट जाऊन ९.६ टक्के उरतात. लाखाच्या सोन्यावर पहिली पेढी ९,६०० घेते, दुसरी ९,०००. ज्या दुकानावर सुटीचा फलक नाही ते सहाशे रुपयांनी स्वस्त पडले. म्हणून दोन दुकानांच्या सुटीची तुलना करू नये. सोन्याचा आजचा भाव, तो किती कॅरेटचा, आणि सूट जाऊन उरलेली घडणावळ, हे तिन्ही आकडे कागदावर लिहून घ्यावेत आणि त्यांची तुलना करावी. बावीस कॅरेट म्हणजे चोवीसातले बावीस भाग, ९१.६ टक्के शुद्ध. हॉलमार्कमधले ९१६ ते हेच. चोवीस कॅरेटचा भाव सांगून बावीस कॅरेटचा दागिना त्या भावाने मोजला गेला, तर घडणावळीवरची सगळी सूट तिथेच भरून निघते. दगड, कुंदन, लाख यांचे वजन सोन्याच्या वजनातून वेगळे काढले आहे का, हेही बिलावर दिसायला हवे.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी घटस्थापना होती आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. मोठ्या टीव्हीवरचा आणि एसीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ‘दहा टक्के स्वस्त’ असे त्या आठवड्यात जो तो म्हणत होता. कर हा कराविना असलेल्या किमतीवर लागतो, हे त्यात निसटले. चाळीस हजारांच्या टीव्हीवर २८ टक्के कर म्हणजे ५१,२०० रुपये. १८ टक्के म्हणजे ४७,२००. गिऱ्हाइकाचे चार हजार वाचले, आणि ५१,२०० मध्ये चार हजार म्हणजे ७.८ टक्के. तुपा-लोण्याचा आणि पाकीटबंद फरसाणाचा कर १२ वरून ५ वर आला. तिथे सात टक्के नव्हे, सव्वासहा टक्के किंमत उतरायला हवी. ५६० रुपयांच्या तुपाचे ५२५ व्हायला हवेत. जुन्या भाषेत रुपयामागे बरोबर एक आणा. साबण, शांपू, टूथपेस्ट १८ वरून ५ वर आले, म्हणजे अकरा टक्क्यांची घट. हे आकडे माहीत असले की दिवाळीच्या सामानाची यादी हातात धरून घरबसल्या पडताळा घेता येतो.

पुणेकराला दरवर्षी मिळणारी आणखी एक सूट दुकानातली नाही, महापालिकेची आहे. स्वतः राहत असलेल्या घराच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत १९७० पासून होती, मध्ये ती काढून घेतली गेली आणि नागरिकांच्या मागणीनंतर २०२३ मध्ये राज्य सरकारने ती पुन्हा चालू केली. त्यासाठी ‘पीटी-३’ अर्ज भरताना क्षेत्रीय कार्यालयांत लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. याशिवाय वर्षाच्या सुरुवातीला, मुदतीत कर भरणाऱ्याला ५ किंवा १० टक्के सवलत मिळते. पण ती ‘सर्वसाधारण करा’वर असते. बिलात सफाई, पाणी, वृक्ष, शिक्षण असे इतर करही असतात. समजा एकूण बिल बारा हजारांचे आहे आणि त्यात सर्वसाधारण कर चार हजारांचा आहे. दहा टक्के सवलत म्हणजे चारशे रुपये. एकूण बिलाच्या मानाने सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. तरी ती जरूर घ्यावी, कारण उलट बाजूचा टक्का फार जड आहे. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, आणि दरमहा दोन म्हणजे वर्षाला चोवीस.

ऑनलाइन खरेदीत ‘जास्तीत जास्त’ हे शब्द शोधावे लागतात. एखाद्या बँकेच्या कार्डावर १० टक्के सूट, जास्तीत जास्त दीड हजार, अशी योजना घ्या. पंधरा हजारांपर्यंत ती खरोखर १० टक्के असते. चाळीस हजारांच्या टीव्हीवर ती पावणेचार टक्के होते. कूपनांची तऱ्हा याहून निराळी. हजाराच्या खरेदीवर पुढच्या वेळी वापरायचे शंभराचे कूपन मिळाले, तर अकराशेचा माल हजारात आला. सूट नऊ टक्के, आणि तीही पुढची खरेदी गरजेची असेल तरच. ‘तीन हजारांच्या खरेदीवर तीन हजारांची कूपने’ हा सगळ्यांत आकर्षक फलक. अट अशी असते, की प्रत्येक अडीच हजारांच्या बिलावर पाचशेचे एकच कूपन चालेल. सहा कूपने संपवायला आणखी सहा बिले करावी लागतात. एकूण अठरा हजारांचा माल घेतला आणि पंधरा हजार भरले. सूट पावणेसतरा टक्क्यांच्या आत. तीन हजारांची खरेदी करायला निघालेल्या घराने पंधरा हजार घालवले, हा त्यातला खरा खर्च.

बिनव्याजी हप्त्यांबद्दल एवढेच, की रोखीने घेतल्यास किती सूट आहे हे आधी विचारावे. व्याज पुष्कळदा त्या न मिळालेल्या सुटीत असते. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट प्रत्यक्षात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते.

ग्राहकाने संघटित होऊन हे प्रश्न विचारावेत, याची चळवळ पुण्यातच उभी राहिली. १९७४ मध्ये बिंदूमाधव जोशी यांनी इथे ग्राहक पंचायतीची स्थापना केली. देशात ग्राहक संरक्षण कायदा आला तो त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये. सध्या लागू असलेला कायदा २०१९ चा आहे आणि जुलै २०२० पासून तो अमलात आला. सुटीच्या हिशेबाबद्दल कायद्याची भूमिका काही बाबतींत अगदी स्पष्ट झालेली आहे. ‘एमआरपीवर ४० टक्के सूट’ असा फलक लावायचा आणि उरलेल्या रकमेवर वेगळा कर लावायचा, ही पद्धत एके काळी सर्रास होती. हजाराची वस्तू सहाशेला पडायची, तिच्यावर पाच टक्के कर धरून ६३० द्यावे लागायचे. सूट ३७ टक्क्यांवर यायची. एमआरपीत कर आधीच धरलेले असताना असे करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये दिला. ऑनलाइन खरेदीत ‘फक्त दहा मिनिटे उरली’ अशी खोटी घाई लावणे किंवा शेवटच्या पानावर जास्तीचे आकार हळूच जोडणे, यांवर नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढून बंदी घातली.

तक्रार करायची वेळ आली तर सगळा भर पुन्हा त्या पायाभूत किमतीवरच येतो. सूट कोणत्या रकमेवर जाहीर केली होती, हे दाखवता यायला हवे. म्हणून फलकाचा फोटो, वस्तूवरची चिठ्ठी आणि बिल या तीन गोष्टी एकत्र ठेवाव्यात. ऑनलाइन असेल तर पैसे भरण्याआधीच्या पानाचे छायाचित्र. चिठ्ठी घरी आल्याबरोबर कापून फेकली जाते आणि नेमका तोच पुरावा हातचा जातो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाकिटावरच्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले तर वैधमापन विभागाकडे तक्रार होते. तिथे सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. ती ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, त्यामुळे कोथरूडमध्ये बसून बंगळुरूच्या कंपनीकडून मागवलेल्या मिक्सरच्या बिलावर पुण्यातच दाद मागता येते.